मागचा माणूस

आमच्या भागात माणसं रविवारी पाणी बघायला जातात. समुद्र लांब, घाटातले धबधबे त्याहून गर्दीचे, म्हणून मग जवळ जे असेल ते. एखादा पाझर तलाव, उजनी धरणाचा फुगवटा, नाहीतर कुणाच्या तरी रानातलं शेततळं. गाडी बांधाखाली लावायची, सतरंजी अंथरायची, डबे उघडायचे आणि पाण्याकडे तोंड करून जेवायचं. पाण्यात पाय घालायचा नाही. पोहण्याचा तर प्रश्नच नाही. बघायचं, यंदा बरं आहे किंवा यंदा काही खरं नाही असं म्हणायचं, आणि अंधार पडायच्या आत घरी यायचं. माझ्या नवऱ्याला याचा भारी नाद. लग्नानंतर त्याने मला पहिल्यांदा फिरायला नेलं ते एका पाझर तलावावर, आणि तिथे अर्धा तास तो सांडव्यावरून किती पाणी जातंय हेच सांगत होता. मी तेव्हा नवी होते, म्हणून ऐकून घेतलं.

गेल्या हिवाळ्यात मात्र आमचे सगळे रविवार आबांच्या पायांसाठी गेले.

आबा म्हणजे माझे वडील. वय पंच्याहत्तरच्या पुढे, नक्की किती ते त्यांनाही सांगता येत नाही. सुप्याच्या पलीकडे आमची वस्ती आहे, तिथे ते माझ्या भावाजवळ असतात. आई जाऊन सहा वर्षं झाली. दसऱ्यानंतर डोळे तपासायला म्हणून ते चार दिवसांसाठी माझ्याकडे बारामतीला आले. एसटीतून एकटे उतरले, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी शेंगा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाथरूममध्ये घसरून पडले. फरशी मी नुकतीच धुतली होती. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत नवा गोळा बसवला, टाके सुकले. सगळं उत्तम झालं, असं डॉक्टर म्हणाले. आता एकच औषध, चालायचं. रोज थोडं थोडं वाढवायचं. बसून राहिले तर मग बसूनच राहतील.

आणि आबा चालेनात.

ज्या माणसाने चाळीस वर्षं मेंढरांबरोबर चालण्यात काढली, दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरून कोकणात गेला आणि पावसाच्या आधी तेवढंच चालून परत आला, त्याला पलंगापासून दारापर्यंत जाणं जड झालं. मेंढरं विकून आता बरीच वर्षं झाली. वस्तीवर आता ऊस आहे, भावाचा टेम्पो आहे. पण आबांच्या पोटऱ्या अजून तशाच होत्या, दगडासारख्या. डॉक्टरांनीसुद्धा कौतुक केलं होतं त्यांचं.

रोज संध्याकाळी आबा एकच विचारायचे.

"कवा सोडतीस मला घरी?"

"चालायला लागलात की लगेच."

"मग सांग की त्या पायाला. मी सांगून दमलो."

भावाला फोन केला तर तो म्हणाला, "पाठव तू, पर चालतं पाठव. हितं घरापसनं हिरीपत्तोर नुसता उतार हाय, खडी हाय. आमी दोघं दिवसभर रानात. पडलं तर कुणाला कळायचं बी न्हाय." मला त्याचा राग आला. त्याचं बरोबर होतं, म्हणून जास्तच आला. माझ्याकडे आले ते स्वतःच्या पायांनी आले होते. त्यांना उचलून गाडीत घालून परत पाठवायचं, आणि तेही माझ्याच बाथरूममध्ये पडले म्हणून, हे मला झेपणार नव्हतं. कुणी मला दोष दिला नव्हता. तो मी स्वतःच दिवसातून दहा वेळा देत होते.

फिजिओथेरपीची एक मुलगी घरी यायची. गोड होती, पण कामात कडक. तिने एक जाड पट्टा दिला. तो आबांच्या कमरेला बांधायचा आणि मागून धरायचा. "पेशंट पुढे, तुम्ही मागे. एक हात पट्ट्यावर, नजर पायांवर," असं तिने मला शिकवलं. मला शिकवायची खरं तर गरज नव्हती. बावीस वर्षं मी एका शाळेत पी.टी. घेते. पोरांना रांगेत चालवणं हा माझा धंदाच आहे.

तर असे आम्ही दोघं सोसायटीच्या लांबलचक पॅसेजमध्ये. पुढे आबा, धोतर आणि त्याखाली मी आणलेले चिकटपट्टीचे स्पोर्ट्स शूज, हातात खाली चार पाय असलेली काठी. मागे मी. पाच पावलं झाली की आबा थांबत आणि मान वळवून माझ्याकडे बघत. पुन्हा चार पावलं. पुन्हा थांबत, बघत.

"आबा, पुढे बघा."

"फुडं काय हाय बघाय?"

"जिना आहे."

"त्यो बघितला म्या."

तीन-चार वेळा असं झालं की "बास" म्हणून ते तिथेच भिंतीला टेकत. मग त्यांना हलवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. पडण्याची भीती बसली आहे, असं ती मुलगी म्हणाली, पुष्कळांना बसते. मलाही ते पटलं. मी धीर दिला, रागावले, चहा बंद करायची धमकी दिली. "तू आता फक्त शिट्टी आणायची राहिलीस," असं नवरा म्हणाला. खरं सांगायचं तर ती मी आदल्या दिवशीच वाजवून बघितली होती. तीन फ्लॅटची दारं उघडली, आबा काही हलले नाहीत.

दिवाळी गेली. थंडी पडली. आबांची दुखऱ्या बाजूची मांडी दुसऱ्या मांडीपेक्षा बारीक दिसायला लागली. रोज तेल लावताना मला ती दिसायची आणि मी मुद्दाम काहीतरी बोलत राहायचे.

तळ्यावर न्यायची कल्पना नवऱ्याची. आबांना तो मामा म्हणतो. तो म्हणाला, "पॅसेजमध्ये मलासुद्धा चालावंसं वाटत नाही. मामांना पाणी दाखवू, आपोआप उतरतील."

आपोआप कसले उतरतात. पहिल्या रविवारी सुप्याकडच्या एका तलावावर गेलो. मुद्दाम तिकडचा निवडला, ओळखीचं रान बघून बरं वाटेल म्हणून. आबांनी काच खाली केली, पाण्याकडे बघितलं, म्हणाले, "गाळ लई साचलाय," आणि काच वर केली. वस्तीकडे जाणारा फाटा मागे गेला तेव्हा तेवढी त्यांनी मान वळवली. आपण किती शहाणपणा केला, ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या रविवारी उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणच्या बाजूला. तिथे रोहित पक्षी आलेले असतात आणि ते बघायला पुण्याहून गाड्या भरून माणसं येतात. नावाडी हाका मारत होते, लोक गळ्यात हातहातभर लांबीचे कॅमेरे अडकवून फिरत होते. आबा गाडीतून खाली उतरले एवढीच प्रगती. मी घडीच्या खुर्चीवर त्यांना बसवलं आणि पलीकडे चिखलात उभे असलेले ते गुलाबी पांढरे पक्षी दाखवले.

"बघा आबा, किती लांबून आलेत."

आबांनी डोळे बारीक करून नीट बघितलं. "पाय लांब हायेत म्हणून निभावलं त्यांचं. मेंढरू असतं तर पोटापत्तोर रुतलं असतं." शेजारी कॅमेरा लावून बसलेल्या एका गृहस्थांना हे इतकं आवडलं की त्यांनी आबांना केळं दिलं. आबांनी ते खाल्लं. चालले मात्र नाहीत.

तिसऱ्या खेपेला नवऱ्याच्या मित्राचं शेततळं. काळा प्लास्टिकचा कागद, निळंशार पाणी, भोवती तारेचं कुंपण, मासे सोडलेले. मित्र मोठ्या हौसेने दाखवत होता. "एवढं पाणी," आबा म्हणाले, "आन जनावराला तोंड लावाय कुठं जागा न्हाय." मित्राचा चेहरा पडला. परतताना नवरा मला म्हणाला, "पुढच्या रविवारी घरीच बसू." मीही हो म्हणाले. त्या आठवड्यात भावाचा फोन आला तेव्हा मी उचलला नाही.

पण पुढच्या रविवारी घरी बसता आलं नाही, कारण शाळेतल्या तीन बाईंबरोबर माझं आधीच ठरलं होतं. मराठीच्या बाई, चित्रकलेच्या बाई आणि गणिताच्या बाई. संक्रांत नुकतीच झाली होती. अंथुर्ण्याच्या अलीकडे एक जुना तलाव आहे, तिथे भाकऱ्या बांधून जायचं, वाण-बिण तिथेच लुटायचं, असा बेत होता. आबांना एकटं ठेवता येईना, म्हणून त्यांनाही गाडीत घेतलं, खुर्चीही घेतली.

तलावाचा बांध तिथे सरळ आणि सपाट आहे. वर बैलगाडी जाईल एवढी वाट, तिच्यावर वाळलेलं गवत. एका बाजूला खाली ऊस. दुसऱ्या बाजूला दगड लावलेला उतार, तो थेट पाण्यात जातो. बांधाच्या टोकाला सांडवा. जेवण झाल्यावर बाई म्हणाल्या, चला, सांडव्यापर्यंत जाऊन येऊ, भाकरी जिरेल. त्या निघाल्या. नवरा बाभळीखाली आडवा झाला. मी आबांच्या खुर्चीजवळ थांबले, वाटेच्या तोंडाशीच.

गणिताच्या बाईंची टाच दुखते. वजनही थोडं आहे. पहिल्या दोघी गप्पा मारत पुढे गेल्या आणि या मागे राहिल्या. आबा बघत होते.

"ती बाय मागं ऱ्हायली," ते म्हणाले.

"टाच दुखते त्यांची. येतील सावकाश."

"तिच्या मागं कोण हाय?"

"मागं कुणी नाही आबा. त्याच शेवटच्या."

आबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी भलतंच बोलले. "मागं कोणच न्हाय, म्हंजी?" असं म्हणत त्यांनी काठी ओढली, खुर्चीच्या दांडीला हात लावला आणि उठले. मी धावून पट्टा धरला. चार पावलं झाली, आबा थांबले, मान वळवून माझ्याकडे बघितलं. आता "बास" म्हणणार, या तयारीत मी होते.

"सोड," आबा म्हणाले.

"पडाल आबा."

"सोड म्हंतो न्हवं! आन फुडं हो. माज्या मागं कोण नगं."

हा आवाज मी लहानपणी ऐकला होता, मेंढरं उसात शिरली की निघायचा तो. माझा हात आपोआप सुटला. मी त्यांना वळसा घालून पुढे गेले आणि तिरकी तिरकी चालायला लागले, एक डोळा वाटेवर, एक त्यांच्यावर.

"खेकड्यावाणी चालू नगं. सरळ चाल."

मी सरळ चालले. मागून काठीचा आवाज येत होता. टक. मग पाऊल. पुन्हा टक. आम्ही गणिताच्या बाईंना गाठलं तेव्हा आबांनी जिभेने टाळूवर तो आवाज काढला, जो मेंढरू रेंगाळलं की काढतात. बाई दचकून वळल्या.

"आजोबा, मला म्हणताय का?"

"व्हय. चला. थांबायचं न्हाय."

बाईंनी आयुष्यभर भल्याभल्यांना फळ्यासमोर उभं केलंय. त्या मुकाट्याने चालायला लागल्या, आणि टाच विसरून चांगल्या भराभर चालल्या. असे आम्ही बांधाच्या मध्यापर्यंत गेलो, जिथे पाणी सोडायचं लोखंडी चाक आहे. पलंग ते दार पंधरा पावलं होत नव्हती, आणि हे किती झालं ते मोजायचं भान मला राहिलं नाही. चाकाच्या ओट्यावर आबा टेकले. धाप लागली होती, कपाळावर घाम होता. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सरळ भांडायलाच लागले.

"चालता येतं तर इतके दिवस का नाही चाललात? रोज मी मागं उभी राहते, रोज तुम्ही थांबता!"

"तू मागं हुतीस म्हणून तर थांबत हुतो."

"म्हणजे?"

मग त्यांनी सांगितलं. कळप निघाला की माझा चुलता पुढे चालायचा आणि आबा सगळ्यात मागे. चाळीस वर्षं हेच. लंगडं, आजारी, नुकतं व्यालेलं, जे रेंगाळतं ते शेवटच्या माणसाच्या वाट्याचं. त्याला सोडून पुढे जायचं नाही. शेवटच्या माणसाच्या मागे मोकळं रान असलं पाहिजे, तरच तो निश्चिंत चालतो. मागे कुणी आहे असं वाटलं की तो थांबणार आणि वळून बघणार.

"पाय उचलला की वाटायचं, पोरगी मागं ऱ्हायली," आबा म्हणाले. "तुला मागं टाकून कसं जाऊ?"

पॅसेजमधले ते सगळे दिवस माझ्या डोळ्यांसमोरून गेले. मी मागून त्यांना सांभाळत होते, आणि ते दर पाच पावलांनी वळून मला सांभाळत होते. त्यात मी शिट्टी वाजवली होती. मला हसू आलं आणि तिथेच रडूही आलं, आणि गणिताच्या बाईंनी पदर पुढे केला. परतताना मी पळत जाऊन आणलेल्या खुर्चीवर आबांना दोनदा बसावं लागलं. पण आले ते आमच्या मागे मागे, स्वतःच्या पायांनी.

फिजिओच्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा तिने आधी मान हलवली, मग तिने स्वतः पुढे चालून बघितलं. आबा तिच्यामागे जिन्यापर्यंत जाऊन आले. "पुस्तकात असं नाही," ती म्हणाली, "पण चालू दे. सपाटीवरच हं."

त्यानंतर रविवार बदलले. बांध असलेला जो तलाव सापडेल तो आम्ही गाठायचो. कधी सुप्याकडे, कधी इंदापूरच्या वाटेवर, पण जास्त करून अंथुर्ण्याचा. पुढे आम्ही बायका, मागे आबा. नियम एकच, मागे वळून बघायचं नाही. "म्होरचं वळून बघाय लागलं की सगळा कळप थांबतो," आबा म्हणायचे. मराठीच्या बाईंना हे जमलं, चित्रकलेच्या बाईंनाही जमलं. मला जमेना. बावीस वर्षं रांगेवर नजर ठेवणारी माझी मान, ती आपोआप वळायची. वळली की मागचा टक थांबायचा आणि आवाज यायचा, "काय गं?" मी म्हणायचे, काही नाही. मी त्यावर युक्ती काढली. कान मागे ठेवायचे आणि डोळे पुढे. काठीचा आवाज चालू आहे तोवर सगळं ठीक.

डोळे पुढे ठेवल्यावर मला पहिल्यांदा तलाव दिसायला लागले. पाणकावळे पंख पसरून दगडावर वाळत बसलेले. कॅनॉलला पाणी आलं की चार दिवसांत वर सरकणारी पाण्याची कड. शेकाट्या पक्ष्यांचे ते लाल काडीसारखे पाय. इतकी वर्षं नवरा जे दाखवत होता ते मी आता स्वतःहून बघत होते. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. उगाच चढून बसेल.

होळीपर्यंत आबा पूर्ण बांध जाऊन-येऊन करायला लागले. मांडी भरली. पट्टा खुंटीवर गेला. तरीही भाऊ म्हणायचा, "बांध सपाट हाय. घराम्होरचं काय?" आणि मी आबांना म्हणायचे, "अजून महिनाभर थांबा." त्यांना खालून वर चढता येतं का, जमिनीवरून उठता येतं का, हे कुणी बघितलंच नव्हतं. मी बघू दिलं नव्हतं. फिजिओची मुलगी म्हणाली होती सपाटीवरच, आणि ते वाक्य मला फार सोयीचं होतं. आबांची सवयही झाली होती घरात. सकाळी नवरा उठायच्या आधी आबांचा आणि माझा असे चहाचे दोन कप ठेवायची सवय.

पाडव्यानंतरच्या रविवारी आम्ही तिघंच अंथुर्ण्याला गेलो. बाईंच्या घरी पाहुणे होते. नवरा बाभळीखाली झोपला. मी पुढे, आबा मागे. ऊन उतरायला लागलं होतं, पाणी खाली गेलेलं होतं. चाक मागे पडलं. आणखी थोडं पुढे गेल्यावर काठीचा आवाज थांबला.

मी चालत राहिले. दम घेत असतील, असं वाटलं. दहा पावलं. वीस पावलं. आवाज नाही. मान वळायला लागली तशी मी दोन्ही हातांनी पदर घट्ट धरला, जणू मान त्यालाच बांधली होती. सांडव्यापर्यंत वळायचं नाही, असा शब्द मी दिला होता आणि तोवर बरेचदा मोडला होता. त्या दिवशी नाही मोडला. सांडव्याच्या भिंतीला हात लावला आणि मग वळले.

बांध रिकामा होता. चाकाच्या जरा अलीकडे ती चार पायांची काठी एकटीच उभी होती.

मी कशी धावले ते मला आठवत नाही. काठीपाशी आले आणि खाली बघितलं. दगडांच्या उताराच्या पार तळाशी, पाण्याच्या कडेला, आबा एका दगडावर पायरीवर बसल्यासारखे बसले होते. बूट काढून शेजारी नीट जोडीने ठेवलेले. धोतर गुडघ्यापर्यंत वर, पाय पाण्यात.

"आबा! कसे उतरलात?"

"बसून. एकेक दगुड."

"मला हाक मारायची ना!"

"हाक मारली असती, तर उतरू दिलं असतंस?"

मी खाली उतरले, त्यांच्या शेजारच्या दगडावर बसले. चपला काढल्या आणि मीसुद्धा पाय पाण्यात घातले. इतक्या वर्षांच्या रविवारांत पहिल्यांदाच. पाणी वर कोमट होतं आणि खाली गार. बारीक मासे येऊन अंगठ्यांना टोचायला लागले.

"घराम्होरचा उतार ह्याच्या निम्मा बी न्हाय," आबा म्हणाले. "म्हणलं, तितं जाऊन सगळ्यांम्होरं फजिती नगं. हितंच बघून घ्यावं."

"आणि वर चढता नाही आलं तर?"

"मग पाव्हण्यांना उठवायचं. लई झोपत्यात." त्यांनी पाय हलवून मासे पांगवले. "आता घरी सोड पोरी. तुजं घर चांगलं हाय. पर सकाळी उठून मी बघू काय तितं? समोरची गॅलरी?"

मी हो म्हणाले. मग जे पाच महिने सांगितलं नव्हतं ते सांगितलं. "फरशी मी धुतली होती आबा. त्या दिवशी. पुसायला विसरले."

आबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना खरोखरच कळेना मी काय सांगतेय. "मग? धुतल्याबिगर घर ऱ्हातंय व्हय?" ते म्हणाले, आणि वाकून एक एक करून बूट घालायला लागले. चिकटपट्टी त्यांची त्यांनीच लावली.

"चल. फुडं हो."

मी चढले. वर आले आणि पाण्याकडे पाठ करून उसाकडे तोंड करून उभी राहिले. मागून आवाज येत होते. तळहात दगडावर. बूट घासला. श्वास. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा तळहात. एकदा एक छोटा दगड सुटून खडखडत पाण्यात गेला, आणि मी उसाचे तुरे मोजायला लागले. पण मी वळले नाही.

"पोरी," आवाज अगदी जवळून आला.

"काय आबा?"

"आता बघ मागं. हात दे."

मी वळले. एकच दगड राहिला होता. दवाखान्यात, घरात, गाडीत मी त्यांना किती वेळा धरलं असेल, पण हात त्यांनी स्वतः कधी मागितला नव्हता. मी तो धरला. ओढला नाही, नुसता घट्ट धरून उभी राहिले, आणि आबा आपल्या पायांनी वर आले.